मान डोलावणारी माणसं

३ सप्टेंबर

नवीन विद्यार्थिनीस,

मी तुझा ज्येष्ठ सोबती. परवा साहाय्य केंद्रात आपली भेट झाली, अशी माझी समजूत होती. आज केंद्राच्या मॅडमनी सांगितलं की तशी ती झालीच नाही. मी पंधरा मिनिटं ज्याला ग्रंथालयाच्या वेळा आणि परीक्षेचे नियम समजावून दिले, ते फायलींचं कपाट होतं. तू माझ्या पाठीमागे दाराशी उभी होतीस आणि थोड्या वेळाने निघून गेलीस. कपाटाने एकदाही मध्ये तोंड घातलं नाही, तेव्हा मी मनात म्हटलं, मुलगी फारच गुणी दिसते.

आता नीट ओळख करून देतो. मला दिसत नाही. तुला बरंच कमी ऐकू येतं, असं मॅडम म्हणाल्या. समोरच्याचे ओठ पाहिल्याशिवाय तुला बोलणं कळत नाही आणि समोरचा बोलल्याशिवाय तो कुठे आहे हे मला कळत नाही. अशा दोघांची जोडी कुणी लावली, म्हणून मी विचारलं. मॅडम म्हणाल्या, "यादीत तुम्ही दोघंच उरला होतात."

तर जुने अपंग विद्यार्थी नव्यांना वर्षभर सांभाळून घेतात, अशी ही सोबती योजना आहे, आणि त्यात मी तुझ्या वाट्याला आलो आहे. प्रत्यक्ष बोलण्यात आपण कसे आहोत ते दिसलंच. पत्रं लिहू या. माझ्या संगणकात एक बाई आहे, ती आलेलं पत्र मला वाचून दाखवते. आवाजात चढउतार म्हणून नाहीत, पण तिला कंटाळाही येत नाही.

मी इतिहासात पीएचडी करतो. चौथं वर्ष. वय सव्वीस, पण न विचारता सल्ला द्यायची खोड साठीतल्या माणसाची, म्हणून वसतिगृहात सगळे मला तात्या म्हणतात. तूही म्हण. काही अडचण असेल तर लिही. नसेल तरी लिही, मी एखादी शोधून देईन.

तुझा सोबती,
तात्या


६ सप्टेंबर

आदरणीय तात्या,

तुमचं पत्र मिळालं. त्या दिवशी तुम्ही मुद्दाम माझ्याकडे पाठ केली असं वाटलं मला. आईला फोनवर लिहून कळवलंसुद्धा, की मला एक अतिशय घमेंडी माणूस दिलाय. तिला दुरुस्ती कळवली आहे.

पण खरं सांगायचं तर मला सोबती नको होता. मॅडमनी काहीतरी विचारलं, मी मान डोलावली आणि त्यांनी अर्ज पुढे केला. माझ्या आयुष्यातल्या बहुतेक गोष्टी अशाच घडल्या आहेत. समोरचा बोलायचा थांबला आणि माझ्याकडे बघायला लागला की मी मान डोलावते. हसत असेल तर हसून डोलावते, गंभीर असेल तर हळू डोलावते. दहापैकी आठ वेळा भागतं. उरलेल्या दोन वेळांपैकी एका वेळी मी शाळेत कबड्डीच्या संघात गेले होते.

मी वनस्पतिशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आहे. दोन्ही कानांत यंत्रं आहेत, उजव्यातून थोडं तरी येतं, डाव्यातून नुसता गोंगाट. वरून केस सोडते. वर्गात कुणाला माहीत नाही आणि मला ते तसंच हवं आहे. तेव्हा कृपा करून माझ्या विभागात कुणाला काही कळवू नका. शिक्षक फळ्याकडे तोंड करून शिकवतात तेव्हा मी शेजारणीच्या वहीत बघते. शेजारीण चूक लिहिते तेव्हा मीही चूक लिहिते. चाललंय बरं.

घरी मला मुंगी म्हणतात. :)

मुंगी


९ सप्टेंबर

प्रिय मुंगी,

पत्राच्या शेवटी तू जे काही केलं होतंस ते माझ्या बाईने "दोन टिंबं, कंस पूर्ण" असं वाचलं. मी अर्धा तास कंस कुठे सुरू झाला ते शोधत होतो. शेवटी खोलीतल्या मित्राला विचारलं. तो म्हणाला, "अरे, ती हसली आहे." इथून पुढे हसलीस तर अक्षरांत लिही.

आता सल्ला. मी तो टाळायचा प्रयत्न दोन दिवस केला.

मुंगी, सांगून टाक. पहिल्या बाकावर बस, एकेका शिक्षकाला भेट आणि म्हण की मला ओठ पाहावे लागतात, फळ्याकडे तोंड करून बोलू नका. त्यात कमीपणा काय आहे? लपवण्यात जितकी ताकद जाते तितक्यात माणसाचा एक विषय शिकून होतो. शेजारणीच्या चुकांवर पदवी घेणार आहेस का? मी तुला हे अनुभवाने सांगतो. मी आजवर कुणापासून काही लपवलं नाही, आणि माझं काही अडलं नाही.

हे वाक्य लिहून झाल्यावर मला स्वतःचाच अभिमान वाटला, म्हणून तसंच ठेवतो.

तात्या


२ ऑक्टोबर

तात्या,

तीन आठवडे लिहिलं नाही, माफ करा. तुमचं पत्र वाचून राग आला होता. मग राग गेला आणि लाज वाटली. आता दोन्हीला वेळ नाही.

गेल्या गुरुवारी आमच्या विभागप्रमुखांनी मला व्हरांड्यात थांबवलं. त्यांच्या मिशा इतक्या दाट आहेत की वरचा ओठ मी अजून पाहिलेला नाही. ते बराच वेळ काहीतरी बोलले, शेवटी भुवया वर करून माझ्याकडे बघत राहिले. मी मान डोलावली. त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं. मला वाटलं, तब्येतीची चौकशी असेल.

काल फलकावर यादी लागली. अठरा नोव्हेंबरला विभागाचं चर्चासत्र आहे. पहिल्या वर्षातर्फे एकच विद्यार्थी बोलणार, विषय 'गवतांचं परागीभवन', वीस मिनिटं भाषण आणि नंतर पंधरा मिनिटं श्रोत्यांचे प्रश्न. त्यापुढे माझं नाव. वर्गातल्या सगळ्यांनी येऊन माझं अभिनंदन केलं असावं. मी मान डोलावत होते.

भाषण मी पाठ करीन. पण प्रश्नांचं काय करू? दीडशे माणसांच्या सभागृहात कुठल्या कोपऱ्यातून कोण बोलतंय हेही मला कळणार नाही. आणि माझा आवाज. तो कसा येतो ते मला माहीत नाही, पण सहावीत असताना मुलं माझी नक्कल करायची आणि ती बघून मला त्याचा अंदाज आला होता. तेव्हापासून मी चार लोकांत मोठ्याने बोलत नाही.

मी कार्यालयातून प्रवेश रद्द करण्याचा अर्ज आणला आहे. बाबांचा छापखाना आहे. यंत्रं सुरू झाली की तिथे कुणालाच काही ऐकू येत नाही, सगळे खुणांनी बोलतात. तिथे मी सगळ्यांत हुशार आहे. लहानपणापासून मला वाटायचं की जग असंच असतं आणि शाळा हा मधला त्रास आहे. मी परत जाते. तुम्हाला नवीन मुलगी मिळेल, यादीत कुणी नसलं तर कपाट आहेच.

मुंगी


४ ऑक्टोबर

मुंगी,

कपाटाचा टोमणा लागला. त्यावरून कळतं की तू अजून हरलेली नाहीस.

अर्ज भरू नकोस. निदान मंगळवारपर्यंत. मंगळवारी सकाळी अकराला ग्रंथालयाच्या पायऱ्यांशी ये. मी रोज त्याच वेळी माझ्या विभागातून तिथे येतो. मला ओळखणं सोपं आहे, अतिशय आत्मविश्वासाने चालणारा माणूस दिसला की तो मी. विभागाच्या दारापासून ग्रंथालयाच्या पहिल्या पायरीपर्यंत तीनशे बारा पावलं आहेत आणि ती माझ्या पायांना तोंडपाठ आहेत. लोकांना कळतही नाही की मला दिसत नाही. परवा एका मुलाने मला किती वाजले म्हणून विचारलं. मी म्हटलं, घड्याळ बंद आहे.

संगणक बरोबर आणतो. तू टंकून विचार, मी तोंडाने सांगतो. तोंड तुझ्याकडे केलेलं आहे की नाही ते तू बघ, आणि नसेल तर खांदे धरून मला फिरव.

अर्जही आण. तो आपण मिळून फाडू. मला अशा प्रसंगांची फार हौस आहे.

तात्या


१२ ऑक्टोबर

प्रिय मुंगी,

मंगळवारी मी येऊ शकलो नाही. तुला ताटकळत राहावं लागलं असेल. ऐन वेळी सर्दी झाली, त्यात ताप भरला. अजून अंथरुणातच आहे. सर्दी साधी आहे, काळजीचं कारण नाही. बरं वाटलं की नवीन दिवस कळवतो.

तोवर अर्ज भरू नकोस.

तात्या


१३ ऑक्टोबर

तात्या,

तुम्हाला सर्दी झालेली नाही. तुमचा उजवा घोटा मोडला आहे. मी तिथे होते.

मी पावणेअकरालाच पोचले होते. पायऱ्यांवर बसून तुमच्या विभागाच्या दाराकडे बघत होते. तुम्ही बाहेर पडलात आणि मी लगेच ओळखलं. खरंच फार आत्मविश्वासाने चालत होतात. वाटेत सोमवारी पाण्याच्या नळासाठी चर खणलेला होता, कमरेइतका खोल. दोन्ही बाजूंना दोऱ्या बांधल्या होत्या, पण एका बाजूची दोरी खाली पडली होती. पाटीही होती. 'काम चालू आहे, सावकाश.' तुम्ही सावकाश येत नव्हतात.

मला आधी वाटलं, कुणीतरी ओरडेल. बाकावर तिघंजण बसले होते, तिघंही फोनमध्ये. मग मी ओरडले. "थांबा, पुढे खड्डा आहे." सहावीनंतर पहिल्यांदा. इतक्या जोरात की बाकावरच्या तिघांनी दचकून माझ्याकडे पाहिलं, तेव्हा आवाज निघाला हे मला कळलं. तुम्हीही ऐकलंत. तुमची मान माझ्या दिशेला वळली. मी परत ओरडले. आणि तुम्ही भराभरा चालायला लागलात.

का, तात्या?

बागेतला माळी आणि बाकावरचे दोघं चरात उतरले आणि तुम्हाला वर काढलं. मी लांब झाडामागे उभी राहिले. मदतीला पुढे यायला हवं होतं, पण सगळे माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, माझा आवाज इतका भयंकर आहे की ऐकून माणूस खड्ड्यात गेला. गर्दी पांगल्यावर मी तिथे गेले. तुमच्या पिशवीतल्या वस्तू चरात पडल्या होत्या. एक पांढरी काठी होती, घडी घातलेली, वेष्टणाचा प्लास्टिकचा कागदही न काढलेली. ती मी माळीकाकांकडे दिली, घोट्याचं मला त्यांच्याकडूनच कळलं. पण छापील कागदांचा एक गठ्ठा चिखलात होता, तो पुसून माझ्या खोलीवर वाळत घातला आहे.

तुमच्या प्रबंधाचं प्रकरण दिसतंय. प्रत्येक पानाच्या कडेला पेन्सिलीने शेरे आहेत, बारीक अक्षरात. हे तुम्हाला कोण वाचून दाखवतं?

मुंगी


१७ ऑक्टोबर

मुंगी,

कुणी नाही.

तुझं पत्र बाईकडून मी चार वेळा वाचून घेतलं. त्यानंतर, का कोण जाणे, मी माझं नऊ सप्टेंबरचं पत्र उघडलं. "मी आजवर कुणापासून काही लपवलं नाही, आणि माझं काही अडलं नाही." बाईने ते सपाट आवाजात वाचलं. तिच्या आवाजात चढउतार नाहीत हे किती बरं आहे, ते मला त्या दिवशी समजलं.

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर. तुझा आवाज मी ऐकला. त्यात भयंकर काही नव्हतं. शब्द जरा गोल होते, पण 'थांबा' चांगलं खणखणीत होतं. मला थांबता आलं असतं. गेल्या वर्षी दोन वेळा मुलांनी मला उगीच "थांबा, थांबा, खड्डा" असं ओरडून थांबवलं होतं. खड्डा नव्हता, मी पाय चाचपत उभा राहिलो आणि ती हसली. तेव्हा मी ठरवलं की यापुढे थांबायचं नाही. मंगळवारी मला वाटलं, हेही तसंच. माझी फजिती बघायला कुणीतरी उभं आहे, म्हणून मी ताठ मानेने आणि भरभर चाललो. असा थेट चरात.

म्हणजे बघ, तू अकरा-बारा वर्षांची असल्यापासून गप्प होतीस आणि तोंड उघडलंस ते नेमकं अशा माणसासाठी, जो ऐकू येऊनही ऐकत नव्हता. बहिरेपणाच्या यादीत माझं नाव घालायला हरकत नाही.

आता शेऱ्यांचं. माझी नजर पंधराव्या वर्षापासून हळूहळू जात होती. प्रबंध सुरू केला तेव्हा मोठी अक्षरं भिंगाने वाचता यायची, आणि माझ्या मार्गदर्शक सरांना तेवढंच माहीत आहे. उरलीसुरली नजर गेल्या फेब्रुवारीत गेली. मी हे केंद्रात सांगितलं, घरी सांगितलं, तुला पहिल्याच पत्रात सांगितलं, कारण तू अनोळखी होतीस. सरांना सांगितलं नाही. वाटलं, ते म्हणतील, आता हा जुन्या दस्तऐवजांवर काम कसं करणार? दुसरा विषय घे, सोपा.

तेव्हापासून आठ महिने सर दर भेटीत शेरे लिहिलेले कागद मला देतात आणि म्हणतात, "पाहून घे." मी पान समोर धरतो, थोडा वेळ जाऊ देतो आणि मान डोलावतो. तुझ्यापेक्षा बरा डोलावत असेन, सरावच तेवढा आहे. मग खोलीवर येऊन गठ्ठा पलंगाखाली सारतो. खोलीतल्या मित्राला वाचायला सांगता आलं असतं, पण मग त्याला कळलं असतं की मी सरांना सांगितलेलं नाही. सगळ्यांना सल्ला देणारा तात्या असा अडकलेला कसा दाखवायचा?

आठ महिन्यांत प्रबंध एक ओळ पुढे सरकलेला नाही, आधी लिहून ठेवलेलीच प्रकरणं एकेक करून सरांना देतो आहे. काठी दोन वर्षांपूर्वी केंद्राने दिली होती. ती उघडली की सगळ्यांना दिसेल की मला दिसत नाही, म्हणून ती पिशवीत राहिली.

तुला लायक सोबती मिळालेला नाही. मॅडमना कळवतो. प्लास्टर डिसेंबरपर्यंत आहे.

तात्या


१९ ऑक्टोबर

तात्या,

मॅडमना काही कळवू नका. मी मान डोलावलेली नाही.

उद्या चार वाजता मी तुमच्या वसतिगृहाच्या दाराशी येते. रखवालदारांना सांगून ठेवा आणि पलंगाखालचे सगळे गठ्ठे तुमच्या मित्राबरोबर खाली पाठवा. मी छापखान्यातली मुलगी आहे, हस्ताक्षर कितीही वाईट असो, मला लागतं. टंकून पाठवीन.

मुंगी


३० ऑक्टोबर

तात्या,

सोबत सगळे शेरे पाठवत आहे, तारखेप्रमाणे. एकूण दोनशे सहा. त्यांपैकी साठ-सत्तर 'स्वल्पविराम' असेच आहेत. तुमच्या बाईला आधी चहा पाजा, असं म्हणणार होते.

सरांचं अक्षर वाईट आहे, पण माणूस मन लावून वाचणारा आहे. 'हे उत्तम', 'हा पुरावा कुठला?', 'इथे तू घाई केलीस', 'हा परिच्छेद वाचून मी उठून खिडकीपाशी गेलो'. हे सगळं आठ महिने पलंगाखाली होतं.

पण तीन शेरे प्रबंधाबद्दल नाहीत. ते मी वेगळे काढून इथे लिहिते. आधी फाईल उघडू नका, हे वाचा.

मार्चमधला, पान एक्केचाळीस: "मागच्या तीन भेटींत तू कागद हातात घेऊन मान डोलावतोस. आज कागद उलटा होता. तुला आता हे दिसत नसेल तर सांग. मी वाचून दाखवीन किंवा टंकून घेईन. समोरासमोर विचारायला मला संकोच वाटतो, म्हणून इथे लिहितो."

मेमधला, पान सात: "मागच्या प्रश्नाचं उत्तर आलं नाही. एकतर माझी शंका खरी आहे, किंवा तुला राग आला आहे. विषय बदलावा असं मला अजिबात वाटत नाही, हेही इथे नोंदवून ठेवतो."

ऑगस्टमधला, शेवटचं पान, मागच्या बाजूला: "मी किती मूर्ख आहे. ज्याला दिसत नाही त्याला, तुला दिसतं का, असं पाच महिने पेन्सिलीने विचारतो आहे. तरी तोंड उघडवत नाही. तीस वर्षं शिकवतो आहे, आणि ही गत."

हे टंकताना मी हसले. मग थोडं रडले. अक्षरांत लिहायला सांगितलं होतंत म्हणून लिहिते.

माझा अर्ज अजून माझ्याकडे आहे. त्याबद्दल तुमचा सल्ला काय?

मुंगी


६ नोव्हेंबर

मुंगी,

सल्ला नाही. पहिल्यांदाच असं झालं आहे, त्यामुळे जरा अशक्तपणा वाटतो.

तुझं पत्र आलं त्या दुपारी मी सरांना फोन करायचं ठरवलं आणि केला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. शेवटी तेच आले. पाय मोडल्याचं त्यांना विभागात कळलं होतं. खोलीत एकच खुर्ची, तिच्यावर धुतलेल्या कपड्यांचा ढीग. ते त्या ढिगावरच बसले, कारण खुर्ची मोकळी करून दे म्हणायलाही त्यांना संकोच वाटला असावा.

बराच वेळ ते घोट्याबद्दल बोलले. हाड कुठलं, डॉक्टर कोण, प्लास्टर कधी निघणार. मग म्हणाले, "त्या मागच्या प्रकरणावरचे शेरे पाहिलेस का?"

माझी मान डोलायला निघाली होती. मी ती हाताने धरली. खरंच धरली, हनुवटीखाली.

"सर, मला फेब्रुवारीपासून काहीच दिसत नाही. तुमचे शेरे मी परवा ऐकले. सगळे. मार्चमधलासुद्धा."

कपड्यांच्या ढिगातून एक सदरा खाली पडला, तेवढा आवाज आला. मग ते म्हणाले, "कुणी वाचून दाखवले?"

"माझ्या हाताखाली एक विद्यार्थिनी आहे," असं मी सवयीने म्हणणार होतो. मग म्हटलं, "माझी सोबती आहे एक. वनस्पतिशास्त्रातली."

"तिला अक्षर लागलं?"

"लागलं म्हणाली."

"माझ्या बायकोला लागत नाही," सर म्हणाले, आणि नाक शिंकरलं. मग त्यांनी खिशातून घडी घातलेलं पुढचं प्रकरण काढलं आणि वाचायला लागले. प्रत्येक स्वल्पविरामाला थांबत, शेऱ्यांसकट, दोन तास. मध्ये एका ठिकाणी आम्ही भांडलोही. आठ महिन्यांत मला इतकं बरं वाटलं नव्हतं.

एवढंच सांगायचं होतं. सांगायचं वाक्य फार लहान होतं, मुंगी. मी ते सांगायला आठ महिने आणि एक घोटा घालवला. तू किती घालवावंस ते मी सांगणार नाही. अर्ज तुझा आहे आणि बाबांचा छापखाना ही काही वाईट जागा नाही. मीही तिथे सुखाने राहिलो असतो, फक्त खुणा दिसल्या नसत्या.

अठरा तारखेला मी यायला हवं होतं. तुमचं सभागृह तिसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. त्याबद्दल मी कुलसचिवांना एक खरमरीत पत्र लिहिलं आहे. निदान ती खोड शाबूत आहे.

काय होईल ते कळव.

तात्या


१९ नोव्हेंबर

तात्या,

प्रवेश रद्दचा अर्ज मी बाणेदारपणे फाडून टाकला, असं लिहायला मला आवडलं असतं. पण तो काल सकाळपर्यंत माझ्या पिशवीत होता, नाव-पत्ता भरलेला, फक्त सही राहिलेली. भाषण बिघडलं तर सरळ खाली उतरून कार्यालयात द्यायचा, असं ठरवलं होतं. कार्यालय पाचला बंद होतं तेही विचारून ठेवलं होतं.

आदल्या दिवशी मी विभागप्रमुखांकडे गेले. एका कागदावर लिहून नेलं होतं, पण कागद द्यायच्या आधी तोंडाने म्हटलं, "सर, मला ऐकू येत नाही आणि तुमच्या मिशांमुळे ओठ दिसत नाहीत." दुसरा भाग म्हणायचा नव्हता. तो निघून गेला. ते मटकन बसले. मग त्यांनी माझा कागद वाचला, त्याखाली लिहिलं, "म्हणजे त्या दिवशी व्हरांड्यात तुला काहीच कळलं नव्हतं?" मी लिहिलं, "नाही." त्यांनी लिहिलं, "मी म्हणालो होतो, नको असेल तर नाही म्हण, संकोच करू नकोस." मग त्यांनी खाली लिहिलं, आता नाव काढू का? मी मान हलवली. तात्या, आडवी.

भाषणाच्या सुरुवातीला पाठ केलेलं पहिलं वाक्य विसरले. त्याच्या जागी म्हटलं, "मला फारच कमी ऐकू येतं. माझा आवाज तुम्हाला वेगळा वाटेल. प्रश्न चिठ्ठीवर लिहा, मी वाचून उत्तर देईन." सगळ्या सभागृहाने मान डोलावली. ती मान मी ओळखते. निम्म्यांना काही कळलं नव्हतं. म्हणून मी तेच परत सांगितलं, आणखी सावकाश. या वेळी काही चेहरे बदलले. एक-दोघांच्या चेहऱ्यावर ते सहावीतलं हसूही आलं. मी गवतावर आले. वारा, परागकण, फुलोरा. वीस मिनिटांचं भाषण चौदा मिनिटांत संपलं, कारण मी धावत होते.

चिठ्ठ्यांच्या वेळी कळलं की निम्म्या लोकांकडे पेनच नाही. विभागप्रमुख स्वतः रांगांमधून पेनं वाटत फिरले. अकरा चिठ्ठ्या आल्या. पहिली होती, "मागच्या रांगांत काही ऐकू येत नाही, कृपया मोठ्याने बोला." मी ती वाचून दाखवली आणि म्हटलं, "मागच्या रांगांना माझी पूर्ण सहानुभूती आहे." लोक हसले. तोंडं उघडी दिसली, खांदे हलताना दिसले, आणि ते कशाला हसताहेत ते मला या वेळी माहीत होतं.

दोन प्रश्नांची उत्तरं मला आली नाहीत. म्हटलं, "माहीत नाही, शोधून सांगते." पूर्वी अशा वेळी काय केलं असतं ते तुम्ही जाणताच.

खाली उतरले तेव्हा पाच वाजून गेले होते. कार्यालय बंद झालं होतं. खरं तर मला ते दारापाशी गेल्यावर आठवलं, आणि मी दारापाशी का गेले तेच आठवेना.

अकरावी चिठ्ठी मी व्यासपीठावर वाचली नव्हती, कारण तिच्यात गवताचं काही नव्हतं. ती माझ्या शेजारणीची होती. जिच्या वहीत बघून मी चुका उतरवते, तिची. तिने लिहिलं होतं, "मी पहिल्या दिवसापासून तुझ्या डाव्या बाजूला बसते आणि तुझ्याशी बोलते. दोन महिन्यांनी मी बोलायचं सोडलं, वाटलं, तुला मी आवडत नाही. उद्यापासून कुठल्या बाजूला बसू?"

ती जिन्यात माझी वाट बघत उभी होती. मी चिठ्ठी उलटी करून, तिच्याच पेनाने, भिंतीवर टेकवून लिहिलं, "उजव्या."

मुंगी